चाळीस ग्रॅम कुठे ठेवायचे, हे दाखवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

रविवारी माळावरून निघताना मी आभार मानायला लागले, तर तुम्ही “असू दे मॅडम, ऊन वाढतंय” म्हणत सायकलवर टांग टाकलीत. म्हणून हे पत्र. चारचौघांत लिहितेय, कारण घरी मुलांबरोबर रिमोटवर उडणारं छोटं विमान बांधणाऱ्या आणखी कुणाला तरी तुमचं सांगणं उपयोगी पडेल.

तुम्ही आम्हाला पहिल्यांदा पाहिलंत तेव्हा आम्ही मायलेकी बाभळीपाशी विमानाचे तुकडे गोळा करत होतो. १२० सेंटिमीटर पंखांचं, बॅटरीसकट ८०० ग्रॅमचं आमचं विमान. पंख डेप्रॉनचे, म्हणजे हलक्या फोमच्या पातळ पत्र्याचे, आणि धड कोरोप्लास्टचं, म्हणजे पोकळ नळ्यांच्या प्लॅस्टिक पत्र्याचं. दिवाळीपासून ते छान उडत होतं. त्या दिवशी लेकीच्या हट्टाखातर शेपटीच्या उभ्या पात्यावर ४० ग्रॅमचा छोटा कॅमेरा चिकटवला, म्हणजे चित्रात पुढे अख्खं विमान दिसेल. हातातून सुटलं, नाक वर करून उभंच राहिलं आणि डाव्या पंखावर कोसळलं. लेक रडत होती. कसं पडलं, का पडलं, काहीच न विचारता तुम्ही एवढंच म्हणालात, “कॅमेरा कुठं होता?”

मग धड आणि पंख रबरबँडने पुन्हा जोडून, पंखाखाली माझी दोन बोटं ठेवायला लावलीत. पंखाच्या पुढच्या कडेपासून साडेपाच सेंटिमीटरवर विमान सपाट तोललं जायचं. वीस सेंटिमीटर रुंद पंखाला तीच योग्य जागा. कॅमेरा शेपटीवर लावताच शेपूट खाली बसली. मी वर्गात दरवर्षी तरफ शिकवते, पण तिचं गणित माझ्या बोटांना त्या सकाळी पहिल्यांदा जाणवलं. ४० ग्रॅम गुणिले तोलबिंदूपासून ६० सेंटिमीटर म्हणजे २४००. भागिले ८४० ग्रॅम. तोल जवळजवळ तीन सेंटिमीटर मागे सरकला होता. असं विमान नाक वर गेलं की स्वतःहून सावरत नाही, उलट आणखी वर जातं, वेग संपतो आणि पंख पडतो. तो तोल परत आणायचा तर १९० ग्रॅमची बॅटरी साडेबारा सेंटिमीटर पुढे न्यावी लागली असती. तेवढी जागाच नाकात नव्हती.

“वजन झेपतंय हो त्याला. पाच टक्के वाढलं तर थोडं जोरात उडेल, एवढंच. जागा चुकली,” असं तुम्ही म्हणालात. मला या साऱ्यात सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हेच. कॅमेरा किती हलका मिळेल याच्या शोधात मी महिनाभर घालवला होता. तो कुठे बसेल, हे कागदावर एकदाही मांडलं नव्हतं.

पुढच्या रविवारी तुम्ही वाण्याकडचा तराजू घेऊन आलात. कॅमेरा तोलताना लेकीला जर्मनीतल्या क्रोनबर्गच्या युलिउस नॉयब्रोनर या औषधविक्रेत्याची गोष्ट सांगितलीत. त्याने कबुतराच्या छातीवर बांधायचा कॅमेरा तयार करून १९०७ साली पेटंटसाठी अर्ज केला होता. पक्ष्याला फार तर ७५ ग्रॅम झेपायचे, म्हणून कॅमेरा त्या मापात बसवला. “आधी कबुतर, मग कॅमेरा,” हे तुमचं वाक्य तिने कपाटाच्या दारावर लिहून ठेवलंय.

कॅमेरा आता पंखाच्या मधोमध, पुढच्या कडेजवळ वरच्या बाजूला बसलाय. तोलबिंदूपासून जेमतेम पाच सेंटिमीटर पुढे, त्यामुळे बॅटरी एक सेंटिमीटर मागे सरकवली की काम झालं. पोटाखाली लावू दिला नाहीत ते बरं केलंत. आमच्या विमानाला चाकं नाहीत, उतरताना भिंग पहिल्यांदा मुरमावर घासलं असतं. वेल्क्रोच्या पट्टीशिवाय वेगळी नायलॉनची दोरी धडाला बांधायला लावलीत, कारण खाली माणसं असतात.

तरीही पहिलं चित्रण पाहून आम्ही हिरमुसलो. सगळा माळ खरवसासारखा थुलथुलत होता. मला वाटलं कॅमेरा खराब आहे. तुम्ही सांगितलंत की असा कॅमेरा चित्र एकदम टिपत नाही, एकेक ओळ करून वरून खाली वाचतो. मोटर मिनिटाला दहा हजार फेरे घेत असेल, तर एका चित्राच्या वेळात मोटरवरचा पंखा पाचसहा वेळा फिरतो. पंख्याचं एक पातं जरी जड असलं, तरी दर फेऱ्याला कॅमेरा हादरतो आणि प्रत्येक ओळ थोडी इकडेतिकडे पडते. मग तुम्ही विणकामाची सुई पंख्याच्या भोकातून घातलीत आणि ती स्टीलच्या दोन पेल्यांच्या काठांवर आडवी ठेवलीत. एकच पातं पुन्हा पुन्हा खाली येत होतं. हलक्या पात्याच्या मागे चिकटपट्टीचा तुकडा लावत गेलो, चौथ्या तुकड्याला पंखा आडवा थांबला. कॅमेऱ्याखाली भांडी घासायचा मऊ स्पंज मी आणला होता, तो तुम्ही बाजूला ठेवलात. फार मऊ असेल तर कॅमेराच डुलतो. योगाच्या चटईचा कापलेला चौकोन पुरला.

एक गोष्ट मी विचारली नसती, ती तुम्ही आपणहून सांगितलीत. विमान नजरेआड जाऊ द्यायचं नाही, डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशात हिरवा, म्हणजे उडवायला मोकळा, भाग पाहायचा, १२० मीटरच्या आत राहायचं. आणि कॅमेरा लावल्यापासून कुणाच्या अंगणावरून, विहिरीवरून विमान न्यायचं नाही. “वरून बघितलेलं खालच्याला कळत नाही मॅडम.” त्यानंतर लेक स्वतः शेजारच्या मळेकऱ्याला विचारून आली, मगच आम्ही त्यांच्या द्राक्षबागेकडे वळलो.

तुम्ही एनसीसीच्या एअर विंगच्या मुलांबरोबर दोन तारांवर फिरणारी विमानं उडवलीत, डिझेल इंजिनाच्या इंधनाचा तो इथर, रॉकेल आणि एरंडेलाचा वास सांगताना तुमचे डोळे लुकलुकले. आमची विजेची मोटर तुम्हाला बिनवासाची वाटत असणार. तरी सहा रविवार पहाटे, वारा सुटायच्या आत, तुम्ही सात किलोमीटर सायकल मारत आलात. एकदाही रिमोट हातात घेतला नाहीत. लेकीचे हात थरथरत होते, तेव्हा फक्त तिच्या मागे उभे राहिलात.

रविवारचं चित्रण सोबतच्या पेनड्राइव्हमध्ये आहे. आता ते स्थिर आहे. द्राक्षांच्या ओळी, शेततळ्याचा निळा कागद, लांबवर दंडोबाचा डोंगर, आणि माळावरून पळणारी विमानाची सावली. चौथ्या मिनिटाला ती शेवटचं वळण घेते, तिथे जरा थांबवून बघा. खाली तीन ठिपके आहेत. दोन जवळजवळ, आणि एक त्यांच्या मागे, सायकलीशेजारी, कपाळावर हात धरून वर बघणारा. त्या चित्राची प्रत काढून लेकीने तुमच्यासाठी ठेवलीये, येत्या रविवारी देईल. चहाचा थर्मास आम्ही आणतो.

तुमच्या,
माळावरच्या मायलेकी