सहा महिन्यांत नर्स होता येत नाही

संपादक महोदय,

बारावीचा निकाल लागला की ठाण्यापासून पनवेलपर्यंत सहा महिन्यांच्या, वर्षभराच्या 'नर्सिंग' कोर्सच्या पाट्या लागतात. त्यातून मदतनिसाचे काम मिळते, नर्स म्हणून काम करायला लागणारी नर्सिंग कौन्सिलची नोंदणी नाही. आणि नोंदणीवाचून पुढची एकही पायरी चढता येत नाही. मग वर्ष आणि पैसे दोन्ही बुडतात.

नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे ठरलेल्या चौकटीत उपचाराचे निर्णयही घेणारी उच्चशिक्षित नर्स, व्हायचे असेल तर हिशेब उलटा मांडावा. आपल्याकडे हा अतिदक्षता विषयातला दोन वर्षांचा निवासी (रुग्णालयात काम करत शिकण्याचा) एमएस्सी अभ्यासक्रम आहे. त्यासाठी बीएस्सी नर्सिंग किंवा पोस्ट बेसिक बीएस्सी (नर्सिंग डिप्लोमानंतरची पदवी) ५५ टक्क्यांनी उत्तीर्ण हवे, नोंदणी हवी आणि किमान एक वर्षाचा अनुभव, शक्यतो आयसीयूतला. बीएस्सी चार वर्षांची, सीईटी देऊन. तिला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागते. अकरावीत गणित घेऊन बायोलॉजी सोडलेल्या मुलींची इथेच अडचण होते. आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनी मात्र निराश होऊ नये. तीन वर्षांचे जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी डिप्लोमा) आणि मग दोन वर्षांचे पोस्ट बेसिक करून त्याच दारात पोहोचता येते. एक वर्ष जास्त जाते, पण मध्ये नोकरी करता येते. घरची ओढाताण असेल तर आम्ही हाच मार्ग सुचवू.

या शिक्षणाने फरक काय पडतो? व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचा रात्री तीनला रक्तवायूचा रिपोर्ट येतो: पीएच ७.२६, कार्बन डायऑक्साइड ६०, म्हणजे रक्त आम्लधर्मी झालेले आणि कार्बन डायऑक्साइड वाढलेला. स्टाफ नर्स तो डॉक्टरांना कळवते. नर्स प्रॅक्टिशनर श्वास कमी पडतोय हे ओळखते, नळीत कफ अडकलाय का ते तपासते आणि ठरलेल्या प्रोटोकॉलच्या चौकटीत पुढची पावले उचलते. स्वतंत्र दवाखाना थाटण्याचा हा परवाना नव्हे. परदेशातही ही पदवी थेट चालत नाही. अमेरिकेत आधी एनसीएलईएक्स ही नर्सची परवाना परीक्षा देऊन नोंदणीकृत नर्स व्हावे लागते, मग तिथलेच पदव्युत्तर शिक्षण.

प्रवेशाआधी दोन गोष्टी पाहाव्यात: कॉलेजला नर्सिंग कौन्सिलची मान्यता, आणि पदवी असेल तर विद्यापीठाची संलग्नता. नोकरी सोडताना अनुभवाच्या दाखल्यावर विभागाचे नाव आणि तारखा लिहून घ्याव्यात. नुसते 'स्टाफ नर्स' लिहिलेल्या कागदावरून आयसीयूतले वर्ष सिद्ध होत नाही.

– काही परिचर्या अध्यापिका, नेरुळ, नवी मुंबई