मीटरची बॅटरी संपते दुसऱ्याच्या कॉलमुळे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत बॅटरी वाचवायच्या टिप्स आल्या होत्या, ब्राइटनेस कमी करा, लोकेशन बंद ठेवा वगैरे. फोनपुरतं ठीक आहे. पण ज्या वस्तूला स्क्रीनच नाही तिचं काय? पाण्याचा मीटर, ट्रॅकर, गोदामातला तापमान सेन्सर, यांच्यातही सिम असतं, एकदा सेल घातला की वर्षानुवर्षं बघायचं नाही असं ठरलेलं असतं, आणि डेटा पाठवायला लागते ती पॉवर वेगळीच, पण नुसतं ‘मला कोणी बोलावतंय का’ हे ऐकण्यातसुद्धा बॅटरी जात राहते. टॉवरच्या या बोलावण्याला पेज आणि या सगळ्या प्रकाराला पेजिंग म्हणतात. यावर कोणी लिहीतच नाही म्हणून हे पत्र.

फोन खिशात पडून असला तरी ठरलेल्या वेळी क्षणभर रेडिओ चालू करून टॉवरचं ऐकतो. हा मधला वेळ ४जी-५जीच्या नेहमीच्या सेटिंगला ०.३२ ते २.५६ सेकंद असतो. १.२८ सेकंद धरला तर दिवसाला ६७,५०० वेळा जाग! फोनला रोज चार्जर मिळतो, त्याचं काही अडत नाही. मीटरला कोण लावणार चार्जर.

बरं, जागं होऊन लगेच झोपलं असंही नाही. कोणी कुठल्या क्षणी ऐकायचं ते यंत्राच्या आयडीच्या (नेटवर्कवरच्या ओळख क्रमांकाच्या) आकडेमोडीवरून ठरतं, यंत्र कसलंय ते कोणी बघत नाही, त्यामुळे दिवसभर कॉल येणारा फोन आणि महिन्यातून एखादा मेसेज येणारा मीटर एकाच क्षणाला ऐकत असू शकतात. फोनला कॉल आला की टॉवर आधी फक्त ‘पेज आहे’ एवढंच कळवतो, कोणाला ते त्यात नसतं, मग मीटरलाही पुढचा अख्खा मेसेज घ्यावा लागतो, ५जीत त्यात ३२ पर्यंत आयडी असू शकतात, ते तपासायचे, आपला नाही, झोपा परत. खोलीत एकाला हाक मारली आणि सगळेच उठून बसले, असला प्रकार.

उपाय नाहीत असं नाही. मोबाइल नेटवर्कचे नियम ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संस्थेच्या रिलीज १७ या नियमसंचात (२०२२) पेजच्या आधी एक छोटी सूचना पाठवायची सोय आली आणि एका क्षणाला ऐकणाऱ्यांचे ८ पर्यंत उपगट करता येतात, सूचनेत आपला गट नसेल तर पुढचं काही ऐकायचंच नाही. छान आहे. पण हे गट दोन प्रकारे पाडता येतात, एक म्हणजे कोअर नेटवर्क (टॉवरांच्या मागची मुख्य यंत्रणा) यंत्राला किती वेळा बोलावणं येतं वगैरे बघून गट देतं, आणि दुसरा परत आयडीवरूनच. दुसऱ्या प्रकारात फोन आणि मीटर पुन्हा एका गटात येऊ शकतात! तेव्हा नुसतं ‘आमच्याकडे उपगट आहेत’ सांगून भागत नाही, कसे पाडलेत ते सांगा.

त्याच रिलीजमध्ये रेडकॅप नावाची स्वस्त, कमी ताकदीची यंत्रं आली. नेहमीच्या ५जी फोनची १०० मेगाहर्ट्झ बँडविड्थ यांच्यात २० मेगाहर्ट्झपर्यंत खाली आणली (खालच्या बँडमध्ये), रिसीव्ह अँटेना एक किंवा दोनच. म्हणजे यांना ऐकूही कमी येतं. सगळ्यांना एकच पेज पाठवायचं तर सगळ्यात कमजोर यंत्राच्या हिशोबाने जास्त जोर लावून पाठवावं लागतं, तो खर्च टॉवरचा. आणि मीटर तर भिंतीला स्क्रूने बसवलाय, तो कुठे जाणार, मग अख्ख्या भागातल्या टॉवरांवरून त्याला का शोधायचं? शेवटचा टॉवर आधी बघा, नाही सापडला तर पुढचे. एनबी-आयओटीत (अशा यंत्रांसाठीचं कमी वेगाचं नेटवर्क) तर सिग्नल खराब असेल तर एकच गोष्ट २०४८ वेळापर्यंत परत पाठवता येते, चुकीच्या टॉवरवरून ते केलं तर काय होत असेल विचार करा.

लांब झोपेचीही सोय आहे, ईडीआरएक्स म्हणतात, दोनदा ऐकण्याच्या मधला वेळ एलटीई-एमला (यंत्रांसाठीचं ४जी) जास्तीत जास्त जवळपास ४४ मिनिटं, एनबी-आयओटीला जवळपास २ तास ५५ मिनिटं. अर्थात सगळ्यांना ती देऊन चालणार नाही. गॅसचा व्हॉल्व्ह लांबून बंद करायचा असेल तर पाऊण तास थांबणार का? म्हणून यंत्रागणिक ठरवायला हवं.

आणि घोडं इथेच पेंड खातं. यंत्र फक्त मागणी करतं, द्यायचं काय ते नेटवर्क ठरवतं. मी अशी यंत्रं बसवण्याच्या कामात आहे. मॉड्यूलला (यंत्रातल्या सिमच्या रेडिओ भागाला) लॅपटॉप जोडून विचारलं की ईडीआरएक्सचा मागितलेला आकडा आणि मिळालेला आकडा शेजारी शेजारी दिसतात. एकाच मॉड्यूलला, एकाच फर्मवेअरवर, एका नेटवर्कवर मागितलं ते मिळालं आणि दुसऱ्यावर काहीच नाही, सिम तेवढं बदललेलं. डबीवर मात्र दोन्हीकडे ‘१० वर्षं बॅटरी’ छापलेलं! ग्राहक कंपनीला शिव्या घालतो, कंपनी नेटवर्ककडे बोट दाखवते आणि नेटवर्कचा कस्टमर केअर सिम काढून परत घाला म्हणतो.

माझं म्हणणं एवढंच की बॅटरीच्या वर्षांचा दावा कुठल्या पेजिंग सेटिंगवर केलाय ते डबीवर छापायला लावावं, आणि यंत्रांसाठी सिम विकणाऱ्याने ईडीआरएक्स किती देतो आणि उपगट कशावरून पाडतो हे प्लॅनच्या कागदावर लिहावं. तुम्हीही पुढच्या वेळी अशा एखाद्या डिव्हाइसचा रिव्ह्यू छापाल तेव्हा हे दोन प्रश्न विचाराच.

आपला,
एक वाचक