मोटारसायकलला यूपीएस बांधून आलेल्या भाऊंस

आदरणीय भाऊ,

स. न. वि. वि.

आपण आमच्या घरून परत गेलात त्याला आज आठ दिवस झाले. त्या रात्री मला आभाराचे दोन शब्दही नीट बोलता आले नाहीत, आणि हिंगणघाटला पोहोचायला उशीर होईल म्हणून आपण चहाही उभ्यानेच घेतलात. जे तेव्हा राहून गेले ते आता सर्वांसमोर लिहीत आहे, कारण माझ्यासारखी खेड्यातील अनेक मुले याच प्रश्नावर पैसे आणि उमेद दोन्ही गमावतात.

प्रश्न एवढाच होता, की गेमिंगच्या संगणकात आधी सगळी आकडेमोड करणारा प्रोसेसर बदलावा की पडद्यावरचे चित्र काढणारे ग्राफिक्स कार्ड. गेल्या वर्षी मी तो मोठ्या शहरातील एका दुकानदाराला विचारला होता. त्याने मला एकच प्रश्न केला, "बजेट किती?" मी आकडा सांगितला आणि त्या आकड्यात बसणारे जीटीएक्स १६६० सुपर कार्ड त्याने माझ्या हातात ठेवले. संगणकात रायझन ३ २२००जी प्रोसेसर आहे हे मी दोनदा सांगितले, पण त्याने ते कानावरही घेतले नाही. कार्ड बसले, चित्र थोडे देखणे झाले, पण व्हॅलोरंट या पाच विरुद्ध पाच गोळीबाराच्या खेळात धुराचे पडदे पडून दहाही खेळाडू एका जागी भिडले की खेळ पूर्वीसारखाच अडखळत राहिला. यंदा पुन्हा गेलो, तेव्हा त्याने आणखी मोठे आरटीएक्स ३०६० कार्ड आणि त्यासाठी नवीन पॉवर सप्लाय सुचवला. प्रोसेसरचे विचारले तर म्हणाला, "मग मदरबोर्ड, रॅम सगळेच बदलावे लागेल." या वेळी माझ्याजवळ २४ हजार रुपये होते. त्यातील निम्मे बाबांनी कापसाच्या चुकाऱ्यातून दिले होते आणि निम्मे मी हंगामात जिनिंगच्या वजनकाट्यावर नोंदी लिहून साठवले होते. त्या माणसाला हे ठाऊक नव्हते हे मान्य, पण समोरच्याचे पैसे कष्टाचे असतील एवढे गृहीत धरायला काही ठाऊक असावे लागत नाही.

आपल्या दुकानात मी खरे तर सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला आलो होतो. बोलता बोलता विषय निघाला आणि आपण विचारलेत, "कोणता गेम खेळता, अन् तो नेमका कुठे अडतो?" दीड वर्षात हा प्रश्न मला कोणीही विचारला नव्हता. पुढे घरी येऊन आपण जी तपासणी केलीत, ती इतकी साधी होती की ती कोणी आधी का सांगितली नाही याचे मला अजून वाईट वाटते. खेळ चालू ठेवून आपण रिझोल्युशन, म्हणजे चित्राची बारकाई, १०८०पी वरून ७२०पी वर आणले. कार्डावरचा भार हलका होऊनही फ्रेमचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रे दिसतात त्याचा, आकडा वाढला नाही. प्रोसेसरचे चारही कोर, म्हणजे त्यातील काम करणारे भाग, १०० टक्क्यांना टेकलेले आणि कार्ड मात्र निम्म्यावर रेंगाळलेले, हे आपण मला पडद्यावर बोट ठेवून दाखवलेत. "जिनिंगमध्ये यंत्र कितीही मोठे बसवले, तरी त्यात कापूस टाकणारे हात कमी पडले तर ते रिकामेच फिरते," असे आपण म्हणालात, आणि काट्यावर दोन हंगाम काढलेल्या मला दुसरे काही समजावून सांगण्याची गरज उरली नाही. कार्ड ९७-९८ टक्क्यांवर दमलेले दिसले असते आणि रिझोल्युशन उतरवताच खेळ सुटला असता, तर आपण स्वतःच आधी कार्ड घ्यायला सांगितले असते, हेही आपण त्याच वेळी स्पष्ट केलेत.

मदरबोर्ड बदलण्याची गरज तर नव्हतीच. माझ्या बी४५० मदरबोर्डावर बायोस, म्हणजे बोर्डातील मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत केले की २०२२ साली आलेला रायझन ५ ५६०० प्रोसेसर चालतो. चाराऐवजी सहा कोर, चार एमबीऐवजी ३२ एमबी एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरमधलीच झटपट मेमरी, आणि कंपनीने दिलेला ६५ वॉटचा आकडा दोन्हींचा सारखाच, त्यामुळे पॉवर सप्लायही जुनाच पुरला. उरलेल्या पैशातून आपण आठ जीबी रॅमची दुसरी पट्टी घ्यायला लावलीत, कारण एकाच पट्टीवर चाललेला संगणक मेमरीची निम्मी वाट बंद ठेवून चालतो. हे सारे घेऊनही बाबांच्या हातात नऊ हजार परत ठेवता आले.

पण भाऊ, मला रोज आठवते ते यातले काहीच नाही. मला आठवतो तो आपल्या मोटारसायकलच्या मागच्या सीटवर सायकलच्या ट्यूबने घट्ट बांधलेला यूपीएस. बायोस अद्ययावत होत असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो आणि आमच्या गावात संध्याकाळी विजेचा भरवसा नसतो, एवढ्याचसाठी आपण स्वतःच्या दुकानाचा यूपीएस सोडवून १४ किलोमीटर आणलात. मी तसे सुचवलेही नव्हते. त्याखाली आपण गोणपाटाची चौपदरी घडी घातली होती, रस्त्याच्या खड्ड्यांनी बॅटरीला धक्का बसू नये म्हणून. "लाइनचा काही नेम नाही, अन् बोर्ड तुमचं एकच आहे," असे म्हणत आपण तो जोडलात आणि काम पूर्ण होईपर्यंत पडद्यासमोरून हलला नाहीत. त्या पाच-सहा मिनिटांत वीज गेली नाही. तरीही त्या यूपीएसचे मोल माझ्या लेखी तसूभरही कमी होत नाही. दुसऱ्याची वस्तू आपलीच असल्यासारखी जपणारा माणूस मी त्या दिवशी इतक्या जवळून पाहिला, आणि अशी माणसे तालुक्याच्या एखाद्या लहानशा दुकानात झेरॉक्स काढत बसलेली असतात याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आम्ही पाच मित्र शाळेपासूनचे. दोघे पुण्याला कंपनीत लागले, एक नागपूरला शिकतो, आणि आम्ही दोघे गावात शेती करतो. पारावर बसणे आता वर्षातून एकदा, पोळ्याला जमले तर जमते. रात्री नऊनंतर पाच जणांचा संघ करून खेळणे हीच आमची भेट, आणि त्या भेटीत माझा संगणक अडखळून माझ्यामुळे डाव जात असे. परवा शेवटच्या फेरीत माझ्यासमोर दोघे उरले होते, धुराचा पडदा पडला, आणि चित्र जराही थांबले नाही. पुण्याचा मित्र कानात एवढ्या मोठ्याने ओरडला की आई स्वयंपाकघरातून धावत आली.

आपण मजुरी घेतली नाहीत. आईने दिलेली तुरीची डाळ तेवढी घेतलीत, तीही तिने पिशवी हँडलला अडकवून दिली तेव्हा. ज्वारी हुरड्यावर आली की बाबा स्वतः दुकानात येऊन आपल्याला कुटुंबासह शेतावर बोलावणार आहेत. ते नऊ हजार बाबांनी माझ्या नावाने वेगळे ठेवले आहेत. पुढे कधी कार्डाचा विचार आला, तर मी आधी आपल्याकडे येईन.

आपला कृतज्ञ,
वजनकाट्यावर नोंदी लिहिणारा