फुकट सल्ला देणाऱ्याला पैसे देतं कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रिटायर झालेल्यांनी पैसे कुठे ठेवावेत यावर तुमच्या अर्थविषयक पानावर सारखं काही ना काही येत असतं, मी ते न चुकता वाचते, पण बहुतेक लेखांच्या शेवटी एक ठरलेली ओळ असतेच, "गुंतवणुकीपूर्वी विश्वासू सल्लागाराशी चर्चा करावी". अहो पण हा विश्वासू ओळखायचा कसा तेच तर कुणी सांगत नाही. आयुष्यभर पगारातून जेमतेम एक आरडी आणि पीएफ एवढंच बघितलेल्या माणसाच्या खात्यात एकदम तीस-चाळीस लाख पडतात आणि त्याच आठवड्यात त्याला चार-पाच "विश्वासू" भेटायला येतात.

मी नाशिकला एका बँकेत डिपॉझिटच्या काउंटरवर नोकरी करून रिटायर झाले, त्यामुळे हे कसं होतं ते पलीकडच्या बाजूने बघितलंय. ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, कम्युटेशन (पेन्शनचा काही भाग एकरकमी घेतात ते), सगळं खात्यात जमा झालं की सिस्टीममध्ये ते दिसतंच, त्यात लपवालपवी काही नाही. मग शाखेत कुणीतरी म्हणतं, अमुक काकांच्या खात्यात मोठी रक्कम पडून आहे, लीड आहे. लीड म्हणजे ज्याला काहीतरी विकता येईल असं गिऱ्हाईक, म्हणजे तुम्ही आणि मी. आणि मार्च जवळ आला की विम्याचं टार्गेट घेऊन फिरणाऱ्या पोरांचे चेहरे बघवत नाहीत, वरून रोज फोन, आज किती झाले, उद्या किती करणार. त्या पोरांचा मला राग येत नाही, पण तो पोरगा घरी येऊन "काका तुमच्यासाठी बेस्ट प्लॅन आणलाय" म्हणतो ना तेव्हा ते "बेस्ट" कुणासाठी, हे ज्याचं त्याने ओळखावं.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त शिक्षक आहेत, सगळे त्यांना सर म्हणतात. त्यांच्याकडे असाच एक आरएम, म्हणजे बँकेचा रिलेशनशिप मॅनेजर, आला (कुठल्या बँकेचा ते जाऊ दे). पाच लाख भरा, एकदाच भरायचे, दहा वर्षांनी दुप्पट, टॅक्स नाही, वर विमा फुकट. सरांनी सही केली. नंतर पॉलिसीची पीडीएफ ईमेलवर आली ती सरांना उघडता येईना म्हणून माझ्याकडे आले, आणि मी आपली सवयीने ओळन् ओळ वाचत बसले. हप्ता पाच लाख, "वार्षिक". हप्ते भरायची मुदत दहा वर्षं. म्हणजे पन्नास लाख, एवढे तर सरांकडे सगळे मिळून पण नव्हते! वार्षिक उत्पन्नाच्या रकान्यात बारा लाख लिहिलेले, पेन्शन त्याच्या निम्मी पण नाही. आणि ते दोन रकान्यांचं पान असतं ना, 4 टक्क्यांनी किती मिळेल आणि 8 टक्क्यांनी किती मिळेल असं दाखवणारं, त्याच्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हे आकडे म्हणजे हमी नाही, कमाल-किमान मर्यादा पण नाही. नेमकी त्याच पानावर सरांची सही. मी विचारलं, पॉलिसी नीट समजली का ते विचारायला विमा कंपनीकडून फोन आला होता का? तर म्हणाले हो आला होता, पण त्या मुलाने आधीच सांगून ठेवलेलं, जे काय विचारतील त्याला हो म्हणा, फॉर्मॅलिटी असते.

सुदैवाने फ्री लूकची मुदत शिल्लक होती. हे कित्येकांना माहीतच नसतं म्हणून लिहिते, विम्याची पॉलिसी हातात पडल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते (आधी साधारणपणे पंधराच दिवस मिळायचे, 2024 पासून तीस झाले), स्टॅम्प ड्युटी, मेडिकल आणि तेवढ्या दिवसांचा विम्याचा थोडासा खर्च कापून बाकीचे पैसे परत मिळतात. सरांना मिळाले. मध्ये त्या पोराचे फोनवर फोन, सर माझी नोकरी जाईल, पुढच्या महिन्यात कॅन्सल करा ना. पुढच्या महिन्यात मुदत संपणार होती हे त्याला चांगलंच ठाऊक होतं.

आणि यातली खरी गंमत सांगते. तो आला होता तेव्हा सगळं बोलणं सरांशीच, वहिनींनी चहा दिला तेवढाच त्यांचा संबंध. पण त्या पूर्ण बैठकीत कामाचा प्रश्न एकच विचारला गेला आणि तो वहिनींनी विचारला, "हे पैसे मध्येच लागले तर परत मिळतील का?" त्यावर साहेब हसले आणि म्हणाले वहिनी तुम्ही काळजी करू नका. माझं तर स्पष्ट मत झालंय, जो सल्लागार बायकोला बैठकीतून वगळतो त्याला दारातूनच नमस्कार करावा. बहुतेक घरांत बाई मागे राहते, ते सगळे कागद पुढे तिलाच निस्तरायचे असतात.

आता मुद्द्याचं. सरांना त्या पोराने सिनियर सिटिझन सेव्हिंग स्कीमचं नाव सुद्धा घेतलं नाही. सरकारची हमी, सध्या 8.2 टक्के व्याज, 2023 पासून मर्यादा पंधराची तीस लाख झालेली, पूर्ण तीस लाख ठेवले तर दर तीन महिन्यांनी 61,500 रुपये खात्यात, आणि ही स्कीम पोस्टातच नाही तर त्याच्याच बँकेत सुद्धा मिळते. मग सांगितलं का नाही? कारण या स्कीमवरचं एजंटांचं कमिशन 2011 च्या शेवटी सरकारने बंद केलं, आणि शाखेतल्या पोराच्या टार्गेटमध्ये पण ती कुठे बसत नाही. ज्यात कुणालाच काही सुटत नाही ते सांगायला कोण कशाला तुमच्या घरी येईल? (व्याजावर टॅक्स लागतो, पाच वर्षं पैसे अडकतात, मध्ये मोडलं तर थोडं कापतात, हे पण खरंय, ती काही सगळ्यांना सगळी पुरेल असं मी म्हणत नाही.) पण सल्लागार पारखायची माझी पहिली परीक्षा हीच आहे. तुमचं वय, तुमची रक्कम सांगा आणि गप्प बसा. तो आपणहून या स्कीमबद्दल बोलला तर पुढे बोलावं, नाही बोलला तर चहा पाजून वाटेला लावावं.

दुसरं म्हणजे समोरचा माणूस नक्की कोण आहे ते विचारायला आपल्याला उगाच लाज वाटते. कार्डावर वेल्थ मॅनेजर, फायनान्शियल कन्सल्टंट, रिलेशनशिप अमुकतमुक काहीही छापलेलं असतं. खरं तर प्रकार थोडेच आहेत. एक विमा एजंट, तो कंपनीचा माणूस. दुसरा म्युच्युअल फंडाचा डिस्ट्रिब्युटर, त्याच्याकडे एआरएन नावाचा नोंदणी नंबर असतो, त्याला फंड कंपनी कमिशन देते आणि तुमचे पैसे फंडात आहेत तोपर्यंत दरवर्षी देत राहते. तिसरा सेबीकडे (शेअर बाजार, म्युच्युअल फंडांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नोंदलेला गुंतवणूक सल्लागार, त्याचा नंबर आयएनए या अक्षरांनी सुरू होतो, तो फी तुमच्याकडून घेतो आणि ज्याच्याकडून सल्ल्याची फी घेतली त्याच्या गुंतवणुकीवर कमिशन घ्यायला त्याला बंदी आहे. 2020 पासून तर डिस्ट्रिब्युटरने नुसतं नावापुढे वेल्थ ॲडव्हायझर वगैरे लावणं पण सेबीने बंद केलंय, तरी बोर्ड बघा गावोगावचे.

एआरएनवाले लाखाच्या वर आणि आयएनएवाले अख्ख्या देशात हजाराच्या आसपास, त्यातले बरेचसे मुंबई, पुणे, बंगळुरू असल्या शहरात. मग धुळ्याच्या नाहीतर सांगोल्याच्या माणसाने काय करायचं, तर फोनवर, व्हिडिओ कॉलवर सल्ला देणारे आहेत, पण आपल्याला माणूस समोर बसलेला लागतो. आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे फी. सल्ल्याचे पंधरा-वीस हजार म्हटलं की आपले लोक दचकतात, भाजीवाल्याकडे कोथिंबीर मागावी तसा आपल्याला सल्ला वर फुकट टाकून हवा असतो. पण फुकट काही नसतं हो. समजा तीस लाख फंडात रेग्युलर प्लॅनमधून (डिस्ट्रिब्युटरमार्फत, त्याचं कमिशन धरून) टाकले आणि डायरेक्ट प्लॅनपेक्षा (मध्यस्थाशिवाय थेट फंड कंपनीकडून घेतात तो) त्याचा खर्च पाऊण टक्का जास्त आहे, तर वर्षाला साडेबावीस हजार झाले, आणि ते दरवर्षी, फंड वर जावो नाहीतर खाली. फक्त खिशातून काढून द्यावे लागत नाहीत म्हणून ते दुखत नाहीत. डायरेक्ट प्लॅन 1 जानेवारी 2013 पासून आहेत, अजून निम्म्या लोकांना मी विचारलं तर ते काय असतं म्हणतात.

म्हणून सगळे डिस्ट्रिब्युटर चोर असं मात्र मी म्हणणार नाही. माझ्या नणंदेचा एक आहे, नॉमिनीचं काम, मिस्टर गेल्यावर नावं बदलायचं काम, सगळं त्याने स्वतः फेऱ्या मारून केलं, त्याचं कमिशन त्याला पावलंच पाहिजे. आणि सेबीचा नंबर आहे म्हणजे माणूस देव झाला असंही नाही. टेलिग्रामवर खोटी सर्टिफिकेटं दाखवून लुटणारे काय कमी आहेत? नंबर सेबीच्या वेबसाइटवर टाकून बघायचा, नाव जुळतंय का बघायचं, आणि तिथे दिलेल्या फोनवर आपण स्वतः फोन करायचा, त्याने दिलेल्या नंबरवर नाही. फी कॅशमध्ये मागितली तर तिथेच उठायचं, नियमाने ती बँकेतूनच घ्यावी लागते. परताव्याची गॅरंटी देत असेल तर तोही खोटा, नोंदलेल्या सल्लागाराला तशी गॅरंटी देता येत नाही. आणि गुंतवणुकीचे पैसे सल्लागाराच्या किंवा त्याच्या फर्मच्या नावावर कधीच नाही, चेक थेट फंडाच्या, बँकेच्या नाहीतर पोस्टाच्या नावाने. हे एवढं एक पाळलं असतं ना तर कित्येक म्हातारी माणसं वाचली असती.

मोठ्या नावावर जाऊन उपयोग नाही हे पण लिहिते. येस बँकेचं प्रकरण लोक विसरले. तिथे एटी-वन नावाचे बाँड, म्हणजे बँक अडचणीत आली तर ज्यातले पैसे पूर्ण बुडू शकतात असे, साध्या खातेदारांना "सुपर एफडी" म्हणून विकल्याचं सेबीच्या चौकशीत निघालं, काही जणांनी तर असलेली एफडी मोडून त्यात पैसे टाकले, आणि मार्च 2020 मध्ये 8,415 कोटींचे ते बाँड शून्यावर आणले गेले. सेबीने 2021 मध्ये बँकेला 25 कोटींचा दंड केला. बाँड शून्य करायचा निर्णय मुंबई हायकोर्टाने 2023 मध्ये रद्द केला, लगेच तो वाद सुप्रीम कोर्टात गेला, म्हणजे बघा, सत्तरीतल्या माणसाने सुप्रीम कोर्टाच्या तारखा मोजायच्या. एफडीपेक्षा दीड-दोन टक्के जास्त, एवढ्यासाठी. आणि विकणारा कोण, तर वर्षानुवर्षं ओळखीचा, दिवाळीला मिठाईचा बॉक्स घेऊन येणारा आपल्याच शाखेतला माणूस. म्हणून "ओळखीचा आहे" हे कारण मला आता अजिबात पटत नाही, भाचा असो, जावई असो नाहीतर बँकेतला जुना सहकारी असो. ओळखीत उलट कागद मागायला जड जातं.

मी स्वतः भेटायला आलेल्या प्रत्येकाला एकच गोष्ट करायला लावते. एक साधा कागद पुढे ठेवायचा आणि म्हणायचं, यात तुम्हाला पहिल्या वर्षी किती मिळणार, नंतर दरवर्षी किती मिळणार आणि कोणाकडून, एवढं तुमच्या हाताने लिहून खाली सही करा. गोड बोलणारे निम्मे तिथेच "मॅडम नंतर येतो" म्हणतात. एकाने मात्र सरळ लिहून दिलं, आकड्यासकट, हसत हसत. त्याच्याकडे आमची थोडी गुंतवणूक आहे.

आता तुमच्याकडे एक मागणं. तुमच्या गुंतवणुकीच्या पानावर जे तज्ज्ञ लिहितात त्यांच्या नावाखाली "लेखक आर्थिक सल्लागार आहेत" एवढंच छापता. त्याऐवजी ते एआरएनवाले की आयएनएवाले की विमा एजंट, नंबर काय, आणि ज्या प्रकारच्या गुंतवणुकीची शिफारस केलीय त्यावर त्यांना कमिशन मिळतं की नाही, हे एका ओळीत छापा ना. जागा फार जाणार नाही, आणि हे पत्र वाचून कुठले तज्ज्ञ नाराज होतात तेही तुम्हाला आपोआप कळेल.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक
(नाव छापू नये ही विनंती, पेन्शन त्याच बँकेतून येते.)