पाळीव सरड्याला मोरीतले झुरळ नको

महोदय,

'बिअर्डेड ड्रॅगन' हा मूळचा ऑस्ट्रेलियातील सरडा मुंबईत हौसेने पाळणारे काही जण त्याला मोरीतले झुरळ खुशाल खाऊ घालतात, हे मला अत्यंत घातक वाटते. कारण आपल्या इमारतींत कीटकनाशकाची फवारणी नित्याचीच असते आणि ते विष किड्यावाटे थेट सरड्याच्या पोटात जाते. काजवा तर एकही जीवघेणा ठरू शकतो. खाद्यासाठी वाढवलेले रातकिडेच द्यावेत, मात्र त्यांच्यात फॉस्फरसच्या मानाने कॅल्शियम फारच कमी असल्याने ते आधी कॅल्शियमच्या भुकटीत घोळवावेत, अन्यथा हाडे ठिसूळ होऊन जबडा मऊ पडतो. उरलेले रातकिडे रात्री पेटीत मुळीच ठेवू नयेत; ते झोपलेल्या सरड्याचे कातडे कुरतडतात.

– एक वाचक, दादर