देव आहे म्हणून काय झालं?

पुणे

प्रिय मिल्या,

परवा फोनवर तू टोमणा मारलास, "देव मानत नाहीस, मग देवांच्या जाडजूड कादंबऱ्या कशाला वाचत बसतोस?" मी उत्तर द्यायला लागलो आणि तुझी रेंज गेली. मी मुद्द्याला हात घातला की तुझी रेंज जाते, हा काही आजचा प्रकार नाही. म्हणून लिहितोय. लांबणार आहे, तेव्हा दुपारची झोप झाल्यावर वाच.

हे वेड पुतणीने लावलं. टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाची डिस्कवर्ल्ड नावाची मालिका आहे, 1983 ते 2015 या काळात आलेल्या 41 कादंबऱ्यांची. सगळ्या मी वाचलेल्या नाहीत आणि वाचेन असंही वाटत नाही, सुरुवातीच्या एक-दोन तर नुसता धांगडधिंगा आहेत. त्यातलं जग सपाट. ते चार हत्तींच्या पाठीवर, हत्ती एका अजस्र कासवाच्या पाठीवर, आणि कासव अवकाशात पोहत चाललेलं. साहेबाच्या देशात या कल्पनेचं कौतुक झालं असेल, आपल्याला दिग्गज आणि कूर्म आजीनेच सांगून ठेवलेत.

या जगात देव आहेत. 'आहेत का' हा प्रश्नच नाही. डोंगराच्या शिखरावर राहतात, माणसांच्या आयुष्याचे डाव मांडून खेळतात, आणि कुणी नास्तिक निघालाच तर त्याच्या घराच्या काचा फोडून जातात. अशा ठिकाणी नास्तिक असणं म्हणजे काय, सांग बरं? आपण शाळेपासून पुराव्यावरून भांडतोय. तिथे पुरावा खिडकीतून थेट दिवाणखान्यात येऊन पडतो.

आणि तरी प्रॅचेटच्या पुस्तकांत नास्तिक आहेत! डोर्फ्ल नावाचा एक मातीचा पुतळा आहे. लोकांनी राबवून घ्यायला घडवलेला, डोक्यात ठेवलेल्या शब्दांच्या हुकमावर चालणारा. तो शेवटी स्वतंत्र होतो आणि देव मानायचा तर आधी पटवून द्या, असं पुजाऱ्यांना सांगतो. तेवढ्यात वरून वीज कोसळते. धूर विरतो तर हा तसाच उभा, आणि म्हणतो, हा काही फारसा युक्तिवाद झाला नाही. भाजलेल्या मातीला विजेचं काय भय! मी एकटाच इतका हसलो की बायको काय झालं ते बघायला आली.

पण तुला लिहायला बसलो ते 'स्मॉल गॉड्स' या 1992 च्या कादंबरीपायी. ओम्निया नावाचं धर्मराज्य आहे. भव्य देवळं, पुजाऱ्यांच्या फौजा, पाखंड्यांना शोधून काढणारं चौकशीखातं, तळघरात छळाची हत्यारं, सगळं यथासांग. त्यांचा देव ओम (आपल्या ओंकाराशी काही नातं नाही, उगाच हात जोडू नकोस) अवतार घ्यायला निघतो. बैलासारखं काहीतरी भारदस्त व्हायचं त्याच्या मनात असतं, आणि होतो कासव. वीज पाडायला जातो तर ठिणगीही धड पडत नाही. कारण या जगात देवाची ताकद भक्तांच्या श्रद्धेवर अवलंबून, आणि अख्ख्या ओम्नियात ओमवर खरी श्रद्धा असलेला माणूस उरलाय एकच. ब्रुथा. मठाच्या बागेत राबणारा, अक्षरशत्रू, सगळ्यांनी मठ्ठ ठरवलेला पोरगा. बाकीचे लोक? ते भजतात देवळाला, चौकशीखात्याला आणि त्या खात्याचा प्रमुख व्हॉर्बिस याला. भीतीने. आतला देव कधीच वाळून गेला, डोलारा मात्र झगमगतोय आणि कुणाच्या लक्षातही आलेलं नाही.

व्हॉर्बिस मला अजून सोडत नाही. क्रूर आहे, पण क्रौर्याची त्याला मजाही वाटत नाही. एक कासव उन्हात उलटं करून ठेवतो, आता काय होतं ते बघू, एवढ्यासाठी. खुद्द देव कासव होऊन त्याच्या आसपास वावरतो, आणि त्याचा आवाज या धर्मरक्षकाच्या कानावर जात नाही. त्याच्या डोक्यात स्वतःच्याच विचारांचे प्रतिध्वनी इतके भरलेत की बाहेरचं काही शिरत नाही.

ओम्नियाच्या सैन्यात सिमनी नावाचा सार्जंट आहे, छुपा नास्तिक. शेवटी ओम साक्षात प्रकट होतो, सगळे गुडघे टेकतात, आणि हा गडी देवाला सुनावतो, की तू आहेस एवढ्यावर मला गुंडाळशील असं समजू नकोस! मिल्या, इथे मी पुस्तक मिटलं आणि गच्चीत फेऱ्या मारल्या. आपण दोघं 'आहे' आणि 'नाही' यावर घसा कोरडा करतो. सिमनी तिथे थांबतच नाही. असलास तर अस. तुझ्यापुढे वाकायचं का, हे बोल.

आणि हे तर भक्तच जास्त हक्काने विचारतो. तुझ्या तुकोबांचंच घे. दुष्काळात बायको अन्न अन्न करत गेली, दिवाळं निघालं, आणि हाच माणूस एका अभंगात सरळ म्हणतो, 'माझे लेखीं देव मेला'. असो त्याला, असेल! सिमनीला हे ऐकवलं असतं तर तोही दिंडीत शिरला असता. तुम्ही वारीच्या वाटेने हा अभंग म्हणता का रे? खोचक विचारत नाहीये, खरंच माहीत करून घ्यायचंय.

तुकोबांवरून आणखी एक. कादंबरीत एका परक्या शहराचं ग्रंथालय जळतं. त्याआधी ब्रुथा एकेक गुंडाळी नुसती डोळ्यांखालून घालतो. त्याला वाचता येत नाही, पण एकदा पाहिलेलं तो विसरत नाही, आणि अक्षरांच्या आकारांसकट ते ग्रंथालय त्याच्या डोक्यात राहतं. मला पहिल्यांदा आठवली इंद्रायणी. गाथा तरली ती पाण्यावर नव्हे, लोकांच्या तोंडी, असं आमच्या बाजूचे लोक नेहमी सांगतात आणि तुला ते कोरडं वाटतं. ब्रुथाचं पान वाचून बघ, मग कोरडं वाटतंय का सांग.

त्या कादंबरीत वाळवंटही आहे. तिथे भक्तच नसलेले लाखो बारके देव कुजबुजत फिरतात, कुणीतरी एकाने तरी आपल्याला मानावं म्हणून. वाचताना मला आपल्या पेठा दिसायला लागल्या. खुन्या मुरलीधर, उपाशी विठोबा, पासोड्या विठोबा, जिलब्या मारुती, डुल्या मारुती, सोट्या म्हसोबा. एवढी खासगी नावं देवांना ठेवणारं शहर दुसरं असेल असं मला वाटत नाही. वैकुंठातला विठ्ठल एकच असेल, पण पुण्यात जो उपाशी आहे तो निवडुंग्या विठोबा नव्हे, आणि तुझ्या तुकोबांची पालखी मुक्कामाला जाते ती निवडुंग्याकडे. मी देव मानत नाही, पण हे मारुती नि विठोबा शहरातून गेले तर मला चुकल्यासारखं होईल. हस हवं तर.

ब्रुथा आणि सिमनी, एक शेवटचा भक्त आणि एक कट्टर नास्तिक, शेवटी एकाच बाजूला उभे असतात. समोर असतो व्हॉर्बिस, ज्याला देव असला काय नि नसला काय, फरक पडत नाही. हे फक्त कादंबरीत घडतं असं म्हणू नकोस. 1947 साली साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले ते काही नास्तिकांच्या विरोधात नव्हे. विठ्ठलाचं दार दलितांना उघडा म्हणून बसले. गुरुजींइतका भाविक माणूस शोधून सापडायचा नाही. आगरकर बुद्धिवादी, त्यांची तर याच पुण्यात जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. आणि 20 ऑगस्ट 2013 ला सकाळी फिरायला निघालेल्या दाभोलकरांना गोळ्या घातल्या तो पूल. आपण त्याला ओंकारेश्वराचा पूल म्हणतो, पण त्याचं नाव आहे महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पूल. शिंदे म्हणजे प्रार्थना समाजाचे प्रचारक, ईश्वरावर गाढ श्रद्धा असलेले, आणि 1906 साली अस्पृश्यता निवारणासाठी संस्था काढणारे. दाभोलकरही देवाधर्माला आमचा विरोध नाही, त्या नावावर चालणाऱ्या शोषणाला आहे, हे सांगून सांगून थकले होते. मी त्या पुलावरून अनेकदा जातो. हल्ली मला तिथे ब्रुथा आणि सिमनी दोघंही आठवतात.

आता तक्रार. शेवट मला फसवा वाटला. ब्रुथाला एका लोखंडी कासवावर बांधून भाजून मारणार असतात. तेवढ्यात ओम गरुडाकरवी आकाशातून येऊन थेट व्हॉर्बिसच्या टाळक्यात आदळतो. व्हॉर्बिस खलास, लोकांना चमत्कार दिसतो, श्रद्धा उसळते, देव पुन्हा बलाढ्य होतो. विनोद फक्कड आहे, पण भीतीने मानणारे लोक आता चमत्कार बघून मानायला लागले, यात त्यांची काय प्रगती झाली? प्रॅचेटलाही हे जाचलं असावं. कारण त्यानंतर ब्रुथा देवाशी अक्षरशः घासाघीस करतो. नियम नुसते लोकांना नाहीत, तुलाही, असं देवाला बजावतो आणि होणारं युद्ध थांबवायला लावतो. ती घासाघीस पुस्तकातला सगळ्यात चांगला भाग आहे, आणि ती करायला ब्रुथाच हवा होता. सिमनीचं देवाने ऐकलं नसतं. हे लिहिताना मला जड जातंय, पण देवाला अटी घालायच्या तर त्याच्या घरातला माणूस लागतो. आम्ही बाहेरून नुसते ओरडतो.

म्हणून तुझ्यावर एक काम टाकतोय. तुझ्या दिंडीत व्हॉर्बिस आहेत का? असणारच, जिथे व्यवस्था तिथे ते. त्यांना तुम्ही आतले लोक काय बोलता, की काहीच बोलत नाही? याचं उत्तर मला फोनवर नकोय, रेंज जाईल. लिही.

यंदा पालखीच्या पुण्यातल्या मुक्कामात शाळेच्या वर्गात लोळू नकोस, आमच्याकडे ये. आईने पिठलं-भाकरीचं आत्ताच ठरवून टाकलंय आणि तुझ्याबरोबर आणखी किती जण येतील ते विचारलंय, तेवढं आधी कळव. पुस्तक पुतणीकडून मागून ठेवतो, पण पावसात भिजवलंस तर ती मला घरात घेणार नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत ने.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद (ते मी देवाशिवायही देऊ शकतो).

तुझा,
अभ्या