बेशुद्धाला पाणी पाजू नका

महोदय,

गेल्या आठवड्यात आमच्या नाक्यावर एक दुचाकीस्वार घसरून बेशुद्ध पडला. एकाने लगेच त्याच्या तोंडाला पाण्याची बाटली लावली, दुसरा बखोटीला धरून त्याला बसवू लागला. दोघांचीही तळमळ खरी. पण बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही, पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. मानेच्या मणक्याला मार असेल तर अशा ओढाताणीने तो जन्माचा अधू होऊ शकतो.

आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाचे पहिले धडे खरं तर साधे असतात. आधी स्वतःची सुरक्षितता, मग रुग्णाचा श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण. भळभळणाऱ्या जखमेवर स्वच्छ फडकं घट्ट दाबून धरायचं (चहापूड भरायची नाही!). प्रतिसाद नाही, श्वासही नीट नाही, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान ५ सेंमी खोल दाब द्यायचे.

राज्यात १०८ ची सेवा २०१४ पासून आहे, पण गाडी पोहोचेपर्यंतची मिनिटं बघ्यांच्याच हातात असतात. एसटीचे वाहक, रिक्षाचालक आणि नववी-दहावीच्या मुलांना एवढं तरी शिकवायला शिक्षण आणि परिवहन खात्यांनी याच वर्षी सुरुवात करावी.

– एक वाचक, सातारा